लेन्स वाळवण्याआधी

मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये किती टक्के पाणी आहे ते मोजायला ती आधी ओली आणि मग वाळवून तोलतात. सुरुवात पॉलिमॅकॉन या पदार्थाच्या लेन्सने करा. पाणी ३८ टक्के, विद्युतभार नसलेलं पॉलिहेमा (हेमा रेणूंचं पॉलिमर), म्हणून वागणं सरळ. पाकिटातल्या द्रावणात इतर रसायनं असू शकतात. आधी फॉस्फेट बफर सलाइनमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या खारट द्रावणात) २४ तास ठेवा, मध्ये दोनदा द्रावण बदला. डिस्टिल्ड वॉटर नको. एटाफिल्कॉन ए या दुसऱ्या लेन्स-पदार्थात मेथाक्रिलिक आम्ल असतं, क्षार कमी झाले की ती लेन्स फुगते आणि सगळे आकडे बिघडतात.

खरी चूक होते ती लेन्सवरचं पाणी टिपताना. ओली लेन्स ३० मिलिग्रॅम धरा. वर जेमतेम १ मिलिग्रॅम पाणी राहिलं तर ३८ चे ४० टक्के दिसतात! तंतू न सोडणाऱ्या, किंचित ओलसर फिल्टर पेपरवर दोन्ही बाजू टेकवा, चोळू नका. पाण्याची चकाकी गेली की लगेच वजन घ्या.

लेन्सची आतली रचना पाहायची असेल तर हवेत वाळलेली लेन्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कृपया ठेवू नका. पाणी उडताना पॉलिमरचं जाळं आक्रसतं, छिद्रं मिटतात, भेगा पडतात आणि नवख्याला तीच रचना वाटते. हळू गोठवलं तरी घात: बर्फाचे स्फटिकच पोळ्यासारखी खोटी छिद्रं पाडतात. झटपट गोठवा, शक्यतो क्रायो-एसईएम (गोठलेला नमुना तसाच पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) वापरा. बालाफिल्कॉन ए या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सवरची काचेसारखी बेटं मात्र खरी, प्लाझ्मा ऑक्सिडेशनमुळे (विद्युतभारित वायूने पृष्ठभागावर केलेल्या प्रक्रियेमुळे) झालेली.