‘टर्मिनेटर २’ या चित्रपटाच्या जमेच्या आणि उण्या बाजू कोणत्या?
जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९१ मधील या उत्तरभागाची खरी ताकद प्रचंड खर्चापेक्षा बारकाव्यांत आहे, असे माझे मत आहे. मनोरुग्णालयातील प्रसंगात टी-१००० हा द्रवधातूचा यंत्रमानव लोखंडी गजांतून सहज आरपार जातो, पण हातातले पिस्तूल गजांना अडकते आणि मनगट वळवून त्याला ते सोडवून घ्यावे लागते. एवढ्या एका तपशिलामुळे अशक्य गोष्टही पटते. दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते. उणीव मात्र तर्काची आहे. सजीव ऊतींनी वेढलेली वस्तूच कालप्रवास करू शकते, असा पहिल्या भागातला नियम असताना संपूर्ण धातूचा टी-१००० आला कसा, याचा खुलासा होत नाही. शिवाय वाळवंटातला मधला भाग (हृद्य असला तरी) थोडा रेंगाळतो.