चटणीवर कसला खटला चालवताय?

"ताई, माझं माहेर कोल्हापूर, लग्न होऊन पुण्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. ह्यांना सारखी ऍसिडिटी, सकाळी उलट्या. सासूबाई म्हणतात तुझ्या तिखटाने माझ्या मुलाच्या पोटाची वाट लावली. सहा महिने कांदा-लसूण चटणी बंद आहे, मुलंसुद्धा अळणी जेवतात, तरी फरक नाही. हे रोज रात्री एक क्वार्टर घेतात पण कधी त्रास देत नाहीत, सकाळी डोकं ठणकतं म्हणून पेनकिलर घेऊन वेळेवर ऑफिसला जातात. (आठवडाभर संडासला डांबरासारखी काळी होतेय म्हणाले, नाचणीमुळे असेल.) सासूबाईंना कसं समजावू?"

अगं बाई, सासूबाई राहू देत बाजूला, तो कंस आधी बघ. एवढ्या पत्रात खरी बातमी तू कंसात टाकलीस आणि वर नाचणीच्या माथी मारलीस! नाचणीने डांबर होत नाही. लोहाच्या गोळ्यांनी काळी होते, पण त्या तो घेत असल्याचं तू लिहिलेलं नाहीस. रोज दारू, रोज पेनकिलर आणि डांबरासारखी संडास म्हणजे ते रक्तच धरून चालायचं. जठरात किंवा आसपास कुठेतरी झिरपतंय आणि खाली येईपर्यंत पचून काळं होतंय, लाल दिसत नाही म्हणून तुमच्या घरात कोणी घाबरलेलं नाही.

एक क्वार्टर म्हणे. 180 मिली, बाटलीवर बघ, 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 60 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल, रोज. दारूने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते म्हणून आंबट वर येतं, जठराच्या अस्तराला सूज येते म्हणून सकाळी उमासे. आणि त्याच पोटावर पेनकिलर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ऍस्पिरिन, यातलं काहीही असेल तरी जठराला स्वतःच्याच ऍसिडपासून वाचवणारं जे कवच असतं तेच ह्या गोळ्या कमकुवत करतात. डोकं उतरतं आणि पोट आतून सोलवटतं.

चटणी बिचारी उगाच अडकली. तिखटाने जळजळ वाढेल फार तर, अल्सर होतो तो मुख्यतः दोन कारणांनी, एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आणि दुसरं ह्याच पेनकिलर. तो जंतू बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये स्वतः पिऊन दाखवला, 2005 ला त्याचं नोबेल मिळालं, आणि आपल्याकडे अजून मसाल्याच्या डब्याला धरून बसलेत.

राग मला तुझाही येतोय, खरं सांगते. चटणीवर भांडलं की दारूचं नाव काढावं लागत नाही, म्हणून तुम्ही सगळे सहा महिने चटणीवर भांडताय. पोरांच्या ताटातलं तिखट काढलंस, क्वार्टरबद्दल मात्र "त्रास देत नाहीत".

आता ऊठ. मेसेजवर तुला कळवलंच आहे, तरी परत सांगते, आज, उद्याची ओपीडी नाही, जिथे दुर्बिणीची तपासणी होते अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याला घेऊन जा. निघताना काही खायला घालू नको. पेनकिलर आत्तापासून बंद, पट्टी पर्समध्ये टाक. आणि डॉक्टरांसमोर तू बोल, कारण तो "कधीतरी घेतो" म्हणणार. रोज किती, किती वर्षं, कुठली गोळी, काळी किती दिवस, सगळं. रोजची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते, त्यामुळे रोजचा आकडा त्यांना खरा कळलाच पाहिजे, ते बघतात मग काय द्यायचं ते. मधेच चक्कर, दरदरून घाम, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असं काही झालं तर रिक्षा शोधत बसू नको, 108 लाव.

सासूबाईंना एवढंच सांग, तुमच्या मुलाच्या पोटातून रक्त जातंय, मी त्याला घेऊन चालले, पोरांकडे बघा. आणि हो, पोरांना चटणी वाढा म्हणावं.