एफडी मोडून ट्यूब अ‍ॅम्प घ्यावा का?

प्रश्न : मी पुण्यात राहतो, वय ३४, गिटारवादन हाच व्यवसाय. वर्षाला साधारण ११० कार्यक्रम होतात. लग्नं आणि कंपन्यांचे ५५ (सरासरी ६,००० रुपये), नाट्यगृहात जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे ३५ (३,५००), आणि स्वतःच्या ब्लूज बँडचे पबमधले २० (२,५००). शिकवण्यांचे महिना १४,००० येतात, मे महिन्यात सुट्टी. चातुर्मासात मात्र कार्यक्रमांतून महिन्याला १४,००० च्या वर मिळत नाहीत. पत्नी शाळेत शिकवते, पगार २४,०००. मुलगी तीन वर्षांची. घरभाड्यासकट खर्च ६२,०००. एसआयपी ५,००० ची, आणि ३,२०,००० ची एकच एफडी. आरोग्य विमा नाही. माझा जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. फेंडर कंपनीचा २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर (व्हॉल्व्हवर) चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, १,८५,००० ला मिळतोय, तो एफडी मोडून घेता येईल. दुसरा पर्याय वरच्या श्रेणीचा डिजिटल मॉडेलर (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आणि इफेक्टचे आवाज काढून देणारं यंत्र), १,७०,००० चा, क्रेडिट कार्डावर १८ हप्त्यांत, १५ टक्के व्याजाने. माझा कल अ‍ॅम्पकडे आहे, कारण अ‍ॅम्पची किंमत टिकते आणि मॉडेलर पाच वर्षांत भंगारात जातो. शिवाय बँडच्या त्या वीस रात्रींसाठीच मी गिटार वाजवतो. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या वीस रात्रींना मी या हिशेबात हौस म्हणून बाजूला सारणार नाही. माझे बाबा वाद्यवृंदात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. लग्नाच्या वरातीतही वाजवायचे आणि रात्री घरी येऊन स्वतःसाठीही. दुसरं वाजवणं बंद झालं असतं तर पहिलंही फार दिवस चाललं नसतं, हे मी घरात पाहिलं आहे.

तरीही एफडीला आज हात लावून अ‍ॅम्प घेऊ नका, आणि हप्त्यांवरचा मॉडेलरही घेऊ नका.

आधी तुमची मिळकत कुठून येते ते पाहू. लग्नं आणि कंपन्यांचे ३,३०,०००, नाट्यगृहांचे १,२२,५००, पबचे ५०,०००, शिकवण्यांचे १,५४,०००. एकूण ६,५६,५००. यात पबचा वाटा साडेसात टक्क्यांच्या आसपास. ट्यूब अ‍ॅम्प खऱ्या अर्थाने कामी येईल तो याच साडेसात टक्क्यांत.

लग्नाच्या लॉनवर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ड्रमही इलेक्ट्रॉनिक, सगळ्यांच्या कानात इन-इअर, आणि साउंडवाला पहिलं वाक्य म्हणतो, 'डायरेक्ट लाइन द्या', म्हणजे अ‍ॅम्प मध्ये न आणता गिटार थेट साउंड सिस्टिमला जोडा. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात व्होल्टेज कधी चढेल, कधी उतरेल याचा भरवसा नाही, आणि नऊ व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प अशा विजेवर लावताना कुणाच्याही पोटात गोळा येईल. रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर बंदी, त्यामुळे शेवटचा तास तर आवाज दाबूनच वाजवायचा. नाट्यगृहातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे अ‍ॅम्प चालतो, पण बावीस वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प गोड बोलू लागतो तो आवाज बराच वर नेल्यावर. तेवढा वर नेला की गायिकेच्या माइकमध्ये तुमची गिटार शिरते. मग माइकवाला अ‍ॅम्पचं तोंड भिंतीकडे करायला सांगतो. पंचमदांच्या एका गाण्यात बारा तारांच्या गिटारचा स्वच्छ आवाज, पुढच्यात वाह पेडलचा, त्याच्या पुढे भावगीताला नायलॉन तारांसारखा मऊ आवाज, हे सगळं पायाखालच्या एका बटणावर बदलणं हीच तिथली गरज आहे. या ९० कार्यक्रमांत ऐकणाऱ्यापर्यंत जातो तो शेवटी पीएचा, म्हणजे श्रोत्यांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांचा आवाज, तुमच्या मागे ठेवलेल्या बारा इंची स्पीकरचा नव्हे.

आणि मॉडेलरवर वाजवणं हे आता केवळ गरजेपोटी केलेलं दुय्यम काम राहिलेलं नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मेटॅलिका या अमेरिकन रॉक बँडने अंटार्क्टिकातल्या अर्जेंटिनाच्या तळावर कार्यक्रम केला, तेव्हा श्रोत्यांनी तो हेडफोनवर ऐकला आणि गिटारमागे अ‍ॅम्पच्या भिंतीऐवजी फ्रॅक्टल कंपनीचे मॉडेलर होते. त्यानंतर या यंत्रांची आणखी एक पिढी पुढे सरकली आहे.

आता किंमत टिकण्याचा मुद्दा. यात तुम्ही बरेचसे बरोबर आहात, म्हणून तो नीट पाहायला हवा. डिलक्स रिव्हर्बचं सर्किट १९६० च्या दशकातलं आहे. ते जुनं होत नाही, कारण तेच तर हवं असतं. उलट लाइन ६ या कंपनीने १९९८ मध्ये काढलेला पहिला पॉड हा मॉडेलर आज कोण घेईल? त्याच कंपनीचा हेलिक्स २०१५ ला आला आणि २०२५ मध्ये त्याची पुढची पिढी जाहीर झाली. नवी पिढी आली, की जुन्याचा सेकंड हँड भाव उतरायला लागतो. हे खरं आहे. पण टिकलेली किंमत हातात येते ती विकल्यावर, आणि विकायची वेळ तुम्ही निवडत नाही. तुम्हाला पैसे लागतील ते श्रावण-भाद्रपदात, जेव्हा तुमच्या ओळखीतल्या प्रत्येक गिटारवाल्याचा खिसा रिकामा असतो. तेव्हा १,८५,००० चा अ‍ॅम्प जो भाव देईल त्याला द्यावा लागेल. एफडी मोडायला मात्र गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

शिवाय अ‍ॅम्प ठेवायला पैसे लागतात. वजन १९ किलो. तुम्ही दुचाकीवर फिरता असं गृहीत धरते, म्हणजे अ‍ॅम्पसोबत दर वेळी रिक्षा नाहीतर कॅब. नाट्यगृह आणि पब मिळून ५५ वेळा, जाऊन-येऊन ५०० रुपये धरले तरी वर्षाला २७,५००. विमानाने गोव्याला जायचं तर देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोचं सामान मिळतं, म्हणजे अ‍ॅम्प एकटाच मर्यादा ओलांडतो. पॉवर व्हॉल्व्ह, तुमच्या अ‍ॅम्पमध्ये दोन ६व्ही६, नियमित वाजवणाऱ्याला काही वर्षांनी बदलावेच लागतात. ते जोडीने, जुळणारे घ्यावे लागतात आणि बायस (व्हॉल्व्हमधून किती वीज वाहावी याची जुळणी) माहितगाराकडून लावून घ्यावा लागतो. आत चारशे व्होल्टच्या वरचा विद्युतदाब असतो, बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो राहू शकतो, तेव्हा हे घरी करायचं काम नव्हे. नवे व्हॉल्व्ह जगात आता मोजक्या ठिकाणी बनतात, प्रामुख्याने रशियातलं सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून निर्यात अडली तेव्हा जगभरात व्हॉल्व्हचे भाव चढले होते. बाबांच्या अ‍ॅकॉर्डियनची रीड बसवणारा कारागीर वारला, तेव्हा वाद्य चांगलं असूनही दोन वर्षं पेटीत पडून राहिलं. पुण्यात तुमच्या अ‍ॅम्पचा कारागीर कोण, तो किती दिवसांत काम देतो, हे खरेदीआधी विचारून ठेवा.

एक उपप्रश्न पत्राच्या मागच्या बाजूला होता, अमेरिकेतला चुलतभाऊ स्वस्तात आणून देईल का याचा. मॉडेलर असेल तर वीजपुरवठ्याची अडचण बहुधा येत नाही. ट्यूब अ‍ॅम्प मात्र तिथे १२० व्होल्टचा असतो, इथे २३० व्होल्ट. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला, तो कुठल्या रात्री घरी विसरलात आणि थेट प्लगमध्ये लावला तर अ‍ॅम्प गेला. वॉरंटीही तिकडची. नको.

आता दुसरा पर्याय. १,७०,००० वर १५ टक्क्यांनी १८ महिन्यांचा हप्ता येतो सुमारे १०,६००. व्याज जवळपास २०,९००, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे आणखी ३,७५० च्या घरात. ही रक्कम मोठी नाही. मला काळजी आहे ती हप्त्याच्या तारखेची. तुळशीच्या लग्नापासून तुमची मिळकत उसळते आणि आषाढी एकादशीला थांबते. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच.

चातुर्मासाचे चार महिने मांडून पाहा. पत्नीचा पगार २४,०००, शिकवण्या १४,०००, कार्यक्रम १४,०००. एकूण ५२,०००. खर्च आणि एसआयपी मिळून ६७,०००. महिन्याला १५,००० ची तूट, चार महिन्यांत ६०,०००. हप्ता जोडला की तूट २५,६०० होते, चार महिन्यांत १,०२,४००. हप्ता न घेता एफडीतून अ‍ॅम्प घेतलात तर उरतात १,३५,०००, त्यातून ६०,००० गेले की दिवाळीला हातात ७५,०००. तुमच्या घराचा खर्च पाहता सव्वा महिन्याची शिदोरी. तीन वर्षांची मुलगी आणि आरोग्य विमा नाही. एका तापाने दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर ही शिदोरी संपते.

म्हणून माझा सल्ला असा. सेकंड हँड, मधल्या श्रेणीचा छोटा मॉडेलर घ्या, ५५,००० च्या आत. या वर्गातली यंत्रं वापरून विकणारे पुण्या-मुंबईत बरेच आहेत, कारण माणसं मोठ्या मॉडेलरवर सरकतात, आणि त्यांचा तोटा तुमच्या उपयोगी पडेल. विकत घेताना प्रत्येक फूटस्विच दाबून पाहा, स्क्रीन पाहा, तुमच्यासमोर फर्मवेअर अपडेट करून घ्या आणि मूळ बिल मागा. ५५,००० घातले तर एफडीत २,६५,००० उरतात, चातुर्मासानंतर २,०५,०००. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही असंही लिहिलं आहे की गेल्या डिसेंबरात डायरेक्ट लाइन देणारा सेट नसल्यामुळे गोवा आणि उदयपूरची तीन कामं दुसऱ्याला गेली, प्रत्येक कामाचे १२,०००. अशी पाच कामं आली की यंत्र फिटलं. वरच्या श्रेणीच्या मॉडेलरने ती पाच कामं सहा होणार नाहीत.

पबमध्ये मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, वाईट असेल तर मॉडेलरबरोबर स्वतःचा पॉवर्ड स्पीकर लागतो, हा छुपा खर्च लोक विसरतात. तो आज घेऊ नका. दोन-तीन ठिकाणी मागून पाहा.

आणि अ‍ॅम्प? तो घ्यायचाच आहे. प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे आले की ४०० रुपये वेगळ्या खात्यात टाका, लग्न असो की पब. ११० कार्यक्रमांचे वर्षाला ४४,००० होतात, अडीच वर्षांत १,१०,०००. तेवढ्यात चांगला वापरलेला ट्यूब अ‍ॅम्प शोधता येईल, एफडीला हात न लावता. दोन वर्षं मॉडेलरवर वाजवून तुमच्या बोटांना नेमकं काय हवं ते कळलेलं असेल, त्याचाही फायदा होईल. मधल्या काळात स्टुडिओतून अ‍ॅम्पसह रेकॉर्डिंगची कामं नियमित यायला लागली, तर हा हिशेब बदलतो. तेव्हा लगेच लिहा.

करांबद्दल थोडक्यात. तुम्ही हिशेबाच्या वह्या ठेवून विवरण भरत असाल तर वाद्ययंत्रावर १५ टक्के घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो, घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी निम्मा. अनुमानित उत्पन्नाची सोय (मिळकतीचा ठरावीक भाग नफा धरून कर भरण्याची) घेत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही. सेकंड हँड असलं तरी पैसे बँकेतूनच द्या. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० वर रोख दिलेत तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही.

हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी. तिघांचा मिळून आरोग्य विमा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. त्यासोबत तुमच्या एकट्याचा अपघात विमा, ज्यात हात जायबंदी होऊन काम थांबलं तर दर आठवड्याला भरपाई मिळते. वाक्यरचना नीट वाचून घ्या, सगळ्या पॉलिसींत ती सोय नसते. लग्नाच्या मांडवात रात्री दोनला सामान उतरवणाऱ्या माणसाला याची गरज बँकेत बसणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

दुसरी गोष्ट लहान आहे. ३,२०,००० ची एफडी एकच आहे, ती मोडली की सगळ्या रकमेवर व्याज घटतं आणि दंड बसतो. मुदत संपल्यावर ८०,००० च्या चार एफडी करा, वेगवेगळ्या तारखांच्या. मुदत लांब असेल तर बँकेला विचारा, काही बँका रकमेचा काही भागच मोडू देतात. आषाढी तीन आठवड्यांवर आली आहे, तेव्हा बँकेत या आठवड्यातच जाऊन या.