आखाजीच्या गाण्याचा तुकडा वापरायचाय? आधी रेकॉर्डिंग कुणाचं ते बघा

तुमचा प्रश्न असा: आखाजीच्या, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, जुन्या कॅसेटमधला बायकांच्या गाण्याचा दहा सेकंदांचा तुकडा अहिराणी डीजे गाण्यात टाकला तर चालेल का, आणि गाणं गाजलं तर गायकाला पैसा कुठून येतो? मी जळगावात छोटा स्टुडिओ चालवतो. गाणं करायला येणारी बरीच पोरं हेच विचारतात.

दहा सेकंद चालतात हे कुणीतरी उठवून दिलंय. कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा असा हिशेब नाही. आखाजीचं पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नाही, खुशाल गा. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या, त्या शब्दांवरच्या हक्काची ६० वर्षंही उलटून गेली. पण कुणी त्यांना लावलेली चाल वेगळी, आणि रेकॉर्डिंग त्याहून वेगळं. १९९० साली बाजारात आलेल्या कॅसेटवरचा हक्क २०५० संपेपर्यंत राहतो. पिच चढवा, ताल बदला, तुकडा मूळ मालकाचाच. यूट्यूबच्या कंटेंट आयडीने, म्हणजे आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने, तो ओळखला, तर तुमच्या गाण्याची कमाई त्याच्या खात्यात जाऊ शकते.

म्हणून माझं म्हणणं, तुकडा कापू नका, गाणं नव्याने गाऊन घ्या. पारोळ्याकडच्या दोन आजींना आम्ही स्टुडिओत बोलावलं होतं. हेडफोन लावून त्यांचा सूरच लागेना. हेडफोन काढले, दोघींना समोरासमोर बसवलं, मग गळा मोकळा झाला. टाळी वाजली की बांगड्याही वाजायच्या. तो आवाज मी मुद्दाम ठेवला, कारण कुठल्याही सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे तयार आवाजांच्या संचात, तो मिळत नाही. त्याच दिवशी मानधन दिलं आणि कमाईतला वाटा कागदावर लिहिला.

कागद हवाच. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिला असं कायदा धरतो. म्हणून सही करण्याआधी ‘कायमस्वरूपी’ हा शब्द शोधा; तो असेल तर ५ वर्षांची ही मर्यादा उरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही. त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. गायक-वादकांसाठी इसम्रा ही वेगळी संस्था आहे.

तरी खरं सांगतो, आपल्याकडच्या गायकाचं घर सुपाऱ्यांवर, म्हणजे ठरवून मिळालेल्या कार्यक्रमांवर चालतं: हळद, लग्न, कानबाई देवीचा उत्सव, ऑर्केस्ट्रा. यूट्यूबचा पैसा चॅनेल ज्याचं त्याच्याकडे आधी जातो आणि बरेचदा तिथेच थांबतो. मला हे फार खुपतं. लग्नाच्या वरातीत दुसऱ्याचं गाणं वाजवायला कायद्याने सूट आहे, पण तोच व्हिडिओ चॅनेलवर टाकला की ती सूट लागू होत नाही.

इतकं करूनही कॅसेटचाच आवाज हवा असेल, तर वेष्टनावर कंपनीचं नाव बघा, ती आता कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा आणि परवानगी लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो भाऊ, वापर’वर गाणं प्रसिद्ध करू नका.