वर्क ऑर्डरचं तिसरं पान

प्रश्न: मी चिंचवडला ऑफिसांच्या लॅन केबलिंगची कामं घेतो. हिंजवडीतल्या एका ऑफिससाठी कॅट-6 केबलच्या 96 पॉइंटचं, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या 96 जागांचं, कोटेशन दिलं, पॉइंटला 2,600 रुपये. इंटिरिअरच्या मुख्य कंत्राटदाराने 2,49,600 ची वर्क ऑर्डर दिली. काम चालू असताना पॉइंट 138 झाले. सर्व्हर रॅक दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेला, त्यात केबलच्या 9 पेट्या जादा लागल्या. सप्टेंबर 2024 मध्ये टेस्ट रिपोर्टसकट काम ताब्यात दिलं. मूळ रक्कम मिळाली. जादा कामाचे 1,81,200 आणि त्यावरचा जीएसटी अडकला आहे. ‘ऑर्डर लम्पसम होती’, म्हणजे सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम, एवढंच ऐकवतात. माझा दर तर पॉइंटचा होता! काय करता येईल? आणि पुढे दर कसा द्यावा? (कागद जोडले आहेत.)

उत्तर: दर कसा द्यावा हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत. एसीवाले, फॉल्स सीलिंगवाले, सीसीटीव्हीवाले, सगळे याच क्रमाने विचारतात.

दर पॉइंटचा होता हे खरं असलं तरी त्याचा आता फारसा उपयोग नाही. कोटेशन हा तुमचा प्रस्ताव होता. समोरून ‘लम्पसम, सर्व समाविष्ट’ अशी ऑर्डर आली, म्हणजे तो प्रस्ताव स्वीकारला गेला नाही, त्याजागी नवा आला. ऑर्डर हातात पडल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही माणसं घेऊन साइटवर गेलात आणि केबल ओढायला लागलात. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे काम सुरू करणं हाच होकार. सही केली नव्हती म्हणून सुटका नाही. त्या चार दिवसांत ‘आमचा दर प्रति पॉइंट आहे, दुरुस्त ऑर्डर पाठवा’ एवढा दोन ओळींचा मेल गेला असता, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण तुमचं प्रकरण ‘लम्पसम’ या शब्दावर ठरणार नाही. ते ठरेल तिसऱ्या पानावरच्या अकराव्या अटीवर: लेखी पूर्वमंजुरीशिवाय केलेल्या जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत. तुमच्या पत्रात या अटीचा उल्लेखही नाही, त्यावरून ती वाचली नसावी असं धरतो. गंमत म्हणजे तुम्हाला वाचवणारी अटही हीच आहे. मंजुरी घेऊन जादा काम केलं तर त्याचे वेगळे पैसे, हे त्यांनी स्वतःच त्यात कबूल केलंय. मग सगळं ‘समाविष्ट’ कसं?

आता तुम्हीच जोडलेला त्यांच्या प्रोजेक्ट मॅनेजरचा मेल पाहा: ‘42 पॉइंट वाढवा, रेट ऑर्डरप्रमाणे, शनिवारपर्यंत हवेत.’ ही लेखी मंजुरी आहे, आणि तीही कामाच्या आधीची. ‘त्याला अधिकार नव्हता’ असं ते म्हणतील. पण ऑर्डरमध्ये साइटचा प्रमुख म्हणून त्याचंच नाव आहे, आणि कंपनीनेच तसा समज करून दिला असेल तर करार कायद्याच्याच कलम 237 प्रमाणे तिला हात झटकता येत नाहीत. 42 पॉइंटचे 1,09,200 रुपये माझ्या मते भक्कम आहेत.

9 पेट्यांचे 72,000 तसे नाहीत. रॅक हलवायला फोनवर सांगितलं, लेखी काही नाही. लम्पसम कामात केबलची लांबी कंत्राटदाराच्या माथी, हा युक्तिवाद सोपा आहे. बदललेला ड्रॉइंग मेलवर आला असेल तर थोडी आशा. ‘फुकट नसलेल्या कामाचा मोबदला’ देणारं त्याच कायद्याचं कलम 70 आहे खरं. पण जिथे करारानेच तो विषय बांधलाय तिथे ते चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये एमटीएनएल विरुद्ध टाटा कम्युनिकेशन्सच्या निकालात सांगितलं आहे. म्हणून नोटिशीत दोन्ही रकमा वेगळ्या मांडा. कच्च्या मागणीपायी पक्की मागणी संशयात नको.

नोटिशीआधी एक करा. 2024-25 चा 26एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) उघडा. जादा कामाच्या बिलावर त्यांनी टीडीएस कापलेला दिसला, तर ते बिल त्यांनी स्वतःच्या हिशेबात देणं म्हणून धरलं होतं. एवढ्याने दावा सिद्ध होतो असं नाही, पण उलटतपासणीत त्यांच्या अकाउंटंटला घाम फुटेल. त्या बिलावरचं जीएसटी क्रेडिट, म्हणजे त्या जीएसटीची स्वतःच्या करातून वजावट, त्यांनी घेतलंय का, हेही नोटिशीत विचारा. 180 दिवसांत पैसे न देणाऱ्याला ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरणार नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागेल, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ज्यात ते मेसेज आहेत तो फोन विकू नका.

लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या एमएसएमई सुविधा परिषदेचं तुम्हाला कोणीतरी सुचवलेलं दिसतं. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद) मार्च 2025 ची, काम सप्टेंबर 2024 मध्ये संपलेलं. नोंदणी कराराआधीची हवी असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं, आणि 2025 मध्ये तोच प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. त्यातून माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम एमएसएमई कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तुमचं काम नेमकं तसलंच. त्या वाटेवर वर्ष घालवू नका. फुकट नोंदणी कामाआधी का केली नाही, हे विचारायचा मोह आवरतो.

साधा दिवाणी दावाच लावा. व्याज धरून रक्कम 3 लाखांच्या खाली राहिली तर आधी मध्यस्थीची सक्ती नाही. वर गेली तर आहे. मुदत तीन वर्षांची. सावधपणे ती सप्टेंबर 2024 पासूनच मोजा, म्हणजे सप्टेंबर 2027 ला संपली. ‘बघतो, करतो’ या फोनांनी ती वाढत नाही. सही असलेली लेखी कबुली मिळाली तर वाढते. निकालाची तारीख मला विचारू नका. समन्स बजावण्यातच सहा महिने गेलेले मी पाहिलेत. नोटिशीनंतर 42 पॉइंटवर तडजोड आली तर घ्या.

आणि पुढचं कोटेशन: दर प्रति पॉइंट, सरासरी 35 मीटर केबलपर्यंत, त्यावरची केबल मीटरच्या भावाने, बिल दोघांच्या सहीच्या मोजमापावर, कोअर कटिंग (भिंत-स्लॅबला भोक पाडणं), कॉन्ड्युट (केबलचा पाइप) आणि सीलिंग उघडणं-लावणं वेगळं. ऑर्डर आली की तिसरं पान आधी वाचा. ती वेगळी असेल तर दुरुस्ती येईपर्यंत पेटी फोडू नका.