चाकांवरचा संसार : निळं केमिकल की हिरवं?

ताई, नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं, मुलगी आणि भारतातून आलेले सासू-सासरे असे पाच जण भाड्याची मोटारहोम घेऊन यॉर्कशायर डेल्सला निघालोय. पहिल्या रात्री शेतावरच्या एका छोट्या साइटवर आहोत. शेतकऱ्याने बुकिंगच्या ईमेलमध्ये ठळक अक्षरांत कळवलंय : "आमच्याकडे सेप्टिक टँक आहे, निळं केमिकल चालणार नाही." गाडीवाल्याने मात्र गाडीतल्या संडासात घालायला निळीच बाटली देऊ केली आहे. सासूबाईंचं म्हणणं, सरळ हार्पिक आणि डेटॉल घेऊन जाऊ, वासाचा प्रश्नच नको. शिवाय आम्ही सगळे पाणी वापरणारे. त्याने काही बिघडतं का?
— एक वाचक, लेस्टर

शेतकऱ्याचं ऐका. सासूबाईंची समजूत कशी काढायची ते तुमचं तुम्ही बघा, पण हार्पिक आणि डेटॉल घरीच राहू द्या.

आधी त्या बिचाऱ्या टाकीचा विचार करू. शेतावरच्या अशा साइटवर मोजून पाच गाड्या उतरतात आणि पाचांचंही सगळं जातं ते बहुतेकदा शेतकऱ्याच्या घरच्याच टाकीत. टाकीत जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर सायीसारखं धरतं आणि मधलं पाणी पाइपांतून जमिनीत मुरतं. तळाचा गाळ कमी ठेवण्याचं काम हवेशिवाय जगणारे जीवाणू करतात. ते मेले की गाळ साठत जातो, पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि जमिनीतले पाइप तुंबतात. टँकर बोलावून टाकी उपसता येते. तुंबलेली जमीन मात्र उकरावी लागते, आणि तो खर्च ऐकला की शेतकऱ्याने ईमेलमध्ये ठळक अक्षरं का वापरली ते कळतं.

निळ्या बाटलीचं काम नेमकं जीवाणू मारण्याचं. वास जीवाणूंमुळे येतो, म्हणून त्यांनाच संपवायचं. तिच्यात ब्रोनोपॉल, ग्लुटाराल्डिहाइड, जुन्या मालात तर सरळ फॉर्मल्डिहाइड असतं. घरात आपण चमचाभर काही ओतलं तरी दिवसभराच्या फ्लशमध्ये ते विरून जातं. कॅसेटमध्ये, म्हणजे गाडीतल्या संडासाखालच्या काढता येणाऱ्या डब्यात, तसं होत नाही. सतरा ते वीस लिटरच्या त्या डब्यात पाणी थोडं, औषध पुरेपूर, आणि ते सगळं एका झटक्यात टाकीत. सकाळी नऊच्या सुमाराला पाचही गाड्यांचे पुरुष आपापली कॅसेट ओढत निघाले, की टाकीला काय वाटत असेल! (मी 'पुरुष' म्हणाले, कारण आमच्याकडे तशी वाटणी आहे : रसायनं माझ्या खात्यात, ओतणं ह्यांच्या.)

पण रंगावर जाऊ नका. निळं म्हणजे जीवाणू मारणारं, हिरवं म्हणजे टाकीला चालणारं असं समजतात, पण तो नुसता रंग आहे, कुणीही कशातही घालू शकतो. बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. वर दिलेली नावं, किंवा बेंझाल्कोनियम क्लोराइड, दिसलं की बाटली परत फळीवर. लाल चौकटीत वाळलेलं झाड आणि मेलेला मासा असं चित्र असेल, तर वाचायचेही कष्ट नकोत. नुसत्या 'बायोडिग्रेडेबल' शब्दावरही भाळू नका. नदीच्या खेळत्या पाण्यात जे कुजून संपतं ते बंद, हवेविना टाकीत संपेलच असं नाही. म्हणून 'सेप्टिक टँकसाठी चालेल' असं स्पष्ट छापलेलं आणि सोबत आयएसओ ११७३४ हा आकडा असलेलं घ्या. ही चाचणी नेमकी हवेविना, पचलेल्या गाळात केलेली असते. थेटफर्डच्या 'ॲक्वा केम ग्रीन'वर तो आकडा असतो. दुसऱ्या कंपन्यांचंही मिळतं, मला कुणाची जाहिरात करायची नाही. गाडीवाल्याला आजच फोन करून निळी बदलून मागा. आणि कॅसेटमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं निळं उरलंय का, तेही विचारा. उरलं असेल तर ती त्याच्याकडूनच धुऊन घ्या. शेतावर नेऊन धुतलीत तर हिरव्याचा खटाटोप फुकट.

हिरवं औषध थोडं मवाळ असतं, उन्हाळ्यात लवकर दमतं. तुम्हाला त्याची काळजी नको. चार-पाच दिवस वास दाबून ठेवायला ही औषधं बनवलेली. तुम्ही पाच जण आहात, कॅसेट रोज भरणार आणि रोज रिकामी होणार. तेव्हा लेबलवरच्या मापाच्या वर थेंबभरही घालू नका. आधी कॅसेटमध्ये दोनेक लिटर पाणी, मग औषध.

आता हार्पिक. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. मोटारहोमचं भांडं पुष्कळदा प्लास्टिकचं असतं आणि खालच्या सरकत्या झाकणाला रबरी सील असतं. ॲसिड काय, ब्लीच काय, दोन्हींनी ते सील कोरडं पडतं, चिरतं, आणि मग वास गाडीत येतो, म्हणजे ज्यासाठी हार्पिक आणलं तेच. तिथे आधीच कुणी डोमेस्टॉससारखं ब्लीच ठेवलं असेल आणि दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. मोटारहोमच्या कपाटाएवढ्या संडासात तो खेळ नको. डेटॉल तर नावाप्रमाणेच जंतुनाशक, टाकीच्या दृष्टीने निळ्याचाच भाऊ. फिनाईल आणि डांबरगोळ्याही त्याच यादीत. सासरे खिशात घालून आणतील म्हणून आधीच सांगते.

मग घासायचं कशाने? कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ फडकं. सील पुसून कोरडं झालं की बोटाने ऑलिव्ह तेलाचा हलका हात फिरवा. कॅसेटच्या आत क्षाराचा पिवळट थर धरला असेल तर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूफूल विरघळवून काही तास ठेवा, हलवा, ओता, धुवा.

पाणी वापरण्याने टाकीचं काहीच बिघडत नाही, उलट कागद कमी जातो. बिघडतं ते तुमचं वेळापत्रक. दर खेपेला मगभर पाणी धरलं तर पाच माणसांची कॅसेट संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. सॉसची असते तशी दाबायची पिचकारी बाटली घ्या, ग्लासभर पाण्यात काम होतं. सासूबाईंना ती आधी घरी वापरून बघू द्या. साइटवर संडास असेल तर मोठी कामं तिथे. पण छोट्या शेतांवर बरेचदा नुसता नळ, कचऱ्याचा डबा आणि कॅसेट ओतायला जमिनीत एक लोखंडी झाकण एवढंच असतं.

त्या झाकणापाशी काय करायचं ते ह्यांच्याकडून ऐकून लिहिते. हातमोजे घालायचे. कॅसेट उभी ठेवून तिचं नळकांडं बाहेरच्या बाजूला वळवायचं आणि मगच टोपण काढायचं. एक हात वरच्या मुठीला, दुसरा मागच्या, अंगठा हवेच्या बटणाजवळ. तोंड पूर्ण खाली झुकल्यावरच बटण दाबायचं. त्याआधी दाबलंत तर हवेबरोबर दुसरंही काही उडतं. आणि दाबायला विसरलात तर गडगड करत, हिसके देत येतं आणि बूट भिजतात. नंतर साधं पाणी घालून, टोपण लावून खळखळवायचं, पुन्हा ओतायचं. टोपण गवतावर ठेवू नका, हातातच धरा.

'मोटारहोमसाठी खास' म्हणून विकतात तोच टॉयलेट पेपर घ्यावा लागतो का? आणि 'फ्लश करता येतील' असं लिहिलेले वेट वाइप्स चालतात का?
— एक वाचक, रेडिंग

वाइप्स नाहीत. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

पेपर खासच हवा असं मुळीच नाही. जॅमच्या रिकाम्या बरणीत पाणी घाला, दोन-तीन तुकडे टाका, झाकण लावून थोडा वेळ हलवा. लगदा झाला तर चालेल, सुटे तुकडे तरंगत राहिले तर नाही. सुपरमार्केटमधला स्वस्त, पातळ, दोन पदरी पेपर बहुधा पास होतो. गादीसारखे जाड, नक्षीदार, सुवासिक रोल नापास होतात.

आम्ही गाडीत रोज स्वयंपाक करतो. फोडणीची कढई धुतलेलं पाणीही सेप्टिक टँकला चालेल अशाच साबणाचं हवं का?
— एक वाचक, कार्डिफ

साबणापेक्षा तेलाची काळजी करा. तुमची कढई आणि ताटं आधी कागदाने पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. डाळीचा गाळ, चहाचा चोथा, कढीपत्ता जाळीत अडकवा. राहिलेल्या पाण्याला साधं लिक्विड पुरे, जंतुनाशक नको. हे पाणी संडासाच्या झाकणात ओतायचं की वेगळ्या मोरीत, ते शेतकऱ्याला विचारा. काहींना ते टाकीत नकोच असतं, कारण एवढ्या पाण्याने गाळ ढवळून बाहेर जातो. रस्त्याकडेच्या जाळीत मात्र कधीच नाही, ती बहुधा थेट ओढ्याला जाते.

आमचं गुहागरजवळ होमस्टे आहे. हल्ली कॅम्परव्हॅनवाले रात्रीपुरती जागा मागतात आणि सकाळी "कॅसेट कुठे ओतू?" विचारतात. आमची टाकी आणि शोषखड्डा आहे. ओतू द्यावं का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

आधी बाटली बघायला मागा, मग हो म्हणा. यात भिडस्तपणा नको. इथे ब्रिटनमधले शेतकरी सरळ पाटी लावतात. कोणतं औषध घातलं हे पाहुण्याला सांगता येत नसेल तर नाही म्हणा. सेप्टिक टँकला चालणारं असेल, किंवा नुसतं पाणी असेल, तर एका वेळी एकच गाडी, आणि ओतल्यावर दोन बादल्या पाणी. शोषखड्ड्यापासून विहीर किती लांब आहे आणि जमिनीचा उतार कुणीकडे आहे हे तुम्हालाच ठाऊक. जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर खाली जातं, तेव्हा विहीर उताराच्या बाजूला असेल तर पाहुण्याचं औषध कितीही हिरवं असलं तरी पावसाळ्यात ओतू देऊ नका. त्याला गाडी लावायला जागा द्या आणि तुमचा संडास वापरू द्या.