मारल्याशिवाय आरोपी खरं बोलतो का? एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी मध्य प्रदेशात उपनिरीक्षक भरतीची तयारी करतोय. पुराव्यावर आधारलेली चौकशी आणि कबुलीजबाब काढणारी चौकशी यांत फरक काय? आणि खरं सांगा, दोन दणके दिल्याशिवाय आरोपी तोंड उघडतो का?"

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण हे वाक्य मी नोकरीभर ऐकलंय. दणके दिल्यावर आरोपी तोंड उघडतो, यात शंकाच नाही. पण तो तुम्हाला जे ऐकायचंय तेच बोलतो. चोर असला तरी बोलतो आणि नसला तरी बोलतो, आणि दोघांचं बोलणं कागदावर उतरलं की हुबेहूब सारखं दिसतं.

मी इंदूरला उपनिरीक्षक होतो तेव्हाची गोष्ट. ठाण्याचं नाव लिहीत नाही. ठोक किराण्याच्या एका पेढीतून भर दुपारी चार लाखांवर रोकड गेली. सेठजी ठाण्यात आले, ठाण्याच्या मुंशीने एफआयआर लिहिली. त्यात "लाल कपड्याच्या थैलीत ठेवलेली रोकड" असं आलं, कारण त्या पेढीची रोकड वर्षानुवर्षं लाल थैलीतूनच बँकेत जायची. सेठजी स्वतः त्या दिवशी दुपारी पेढीवर नव्हतेच. संशय गेला हमालावर. मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर आणि त्या वेळी मागच्या गोदामात एकटा, एवढं पुरेसं होतं. त्याला रात्री उचललं आणि सकाळी टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, म्हणाले, "मान गया."

मान्य काय केलं? तर लाल थैली उचलली, कांद्याच्या रिकाम्या पोत्यात घातली आणि देवासला बहिणीकडे ठेवली. दोन पंच बसवून सत्तावीसचा मेमोरेंडम झाला (आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या सांगण्याचा तेवढा भाग कलम २७ खाली पुराव्यात चालतो), गाडी देवासला गेली. काही नाही. मग म्हणाला, कान्ह नदीच्या पुलाखाली पुरली. तिथेही काही नाही. मग कोणा अनोळखी माणसाला दिली म्हणाला. एकेक जागा रिकामी निघाली की साहेबांना वाटायचं, पक्का मुरलेला आहे, फिरवतोय. त्याच्याकडे द्यायला काही नसेलच, हा विचार त्या खोलीत कोणाच्याही मनात येत नव्हता. तळपाय इतके सुजलेले की भिंतीला धरून चालायचा. चहाचा कट दिला तर दोन्ही पंजांत धरून प्यायचा, कारण बोटं मिटत नव्हती. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या फाटकाशी बसलेली.

माझ्याकडे काम आलं पेढीवरच्या लोकांचे १६१चे, म्हणजे पोलिसांनी साक्षीदारांचे नोंदवायचे, जबाब घ्यायचं. हे जबाब कसे घेतले जातात ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बहुतेक ठिकाणी ते घेतलेच जात नाहीत. एफआयआर समोर ठेवून तीच चार जणांच्या नावांनी उतरवतात, नंतर लोकांना विचारलं तर म्हणतात, पोलीस आलेच नव्हते. मी पेढीवर जाऊन मुनीमजींच्या गादीशी बसलो (मुनीमजी म्हणजे पेढीचे हिशेबनीस) आणि म्हणालो, सकाळी शटर उचलल्यापासून सांगा, मी मध्ये बोलणार नाही. म्हातारा माणूस. त्याने उदबत्तीपासून सुरुवात केली. जिऱ्याचा भाव, कोणाचं उधार, कोणाशी वाद, सगळं सांगत गेला. घाई केली असती तर तिथेच "मुद्द्यावर या" म्हटलं असतं. जेवणानंतर रोकड मोजली, असं म्हणता म्हणता तो सहज बोलून गेला, "थैलीची नाडी तुटली होती, म्हणून शेव-मिक्स्चरच्या दुकानातली पिवळी पिशवी होती त्यात भरली, वर अखबार ठेवला."

मी विचारलं, लाल थैली कुठे आहे? त्याने गादीखालचा खण ओढला. थैली आत, सुई-दोरा तिलाच टोचलेला.

म्हणजे हमालाने जी थैली चोरल्याचं कबूल केलं होतं, ती त्या खणातून हललीच नव्हती. लाल थैली त्याच्या तोंडी आली कुठून? आमच्याच एफआयआरमधून. रात्रभर त्याला विचारत होते, "लाल थैली कहाँ है?" तोच प्रश्न सकाळी त्याचं उत्तर म्हणून परत आला. खऱ्या चोराने ही चूक केलीच नसती.

मी जब्ती पंचनामा करून थैली साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते मला म्हणाले, "पंडितजी, थैली लाल हो या पीली, कबूल तो किया ना?" हे वाक्य मी विसरलेलो नाही.

आता पिवळी पिशवी कोणाला माहीत होती? मुनीमजींना आणि पिशवी आणून देणाऱ्याला. तो सेठजींचा भाचा. त्याला लगेच बोलावलं नाही. आधी दुपारचं पावती पुस्तक मागवलं, त्याच्या फोनचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवले, समोरच्या चहावाल्याला विचारलं. मग बोलावलं, चहा दिला आणि दिवसभर काय केलंस ते सांग म्हटलं. तो निवांत सांगत होता. जेवायच्या आधीच घरी गेलो, परत आलो नाही, रोकड कशात भरली माहीत नाही. हे सगळं मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर?" "बरोबर." दुपारच्या पावत्या कोण फाडत होतं? "मुनीमजी." मग पुस्तक उघडून ठेवलं. जेवणानंतरच्या पावत्यांच्या कार्बन नकलांवर त्याचं अक्षर होतं, आणि फोनही संध्याकाळपर्यंत बाजाराच्याच टॉवरवर होता. आवाज चढवावा लागला नाही. रक्कम त्याच्या मित्राच्या घरी मिळाली, मोठा हिस्सा अजून त्याच पिवळ्या पिशवीत.

तुम्ही विचारलेला फरक हाच आहे. कबुलीवाला आधी माणूस ठरवतो आणि मग त्याच्याकडून गोष्ट वदवून घेतो. पुराव्यावाला आधी कागद गोळा करतो, माणसाला मोकळं बोलू देतो आणि हातातलं पान शेवटी उघडतो. पान आधीच दाखवलं तर भाचा म्हणाला असता, "हो, मी पावत्या फाडून मग गेलो," आणि मी हात चोळत बसलो असतो.

इंग्लंडने हे मोठी किंमत मोजून शिकलं. १९७४ साली गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले. पोलिसांनी कबुल्या काढल्या, जन्मठेपा झाल्या. गिल्डफर्डचे चौघे १९८९ साली आणि बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ साली निर्दोष सुटले. त्यानंतर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 'पीस' पद्धत आली: तयारी, ओळख करून देऊन चौकशी कशासाठी आहे ते सांगणं, त्याची हकीकत ऐकून मग तपासणं, समारोप, आणि शेवटी जे मिळालं त्याचं मूल्यमापन. पुराव्याबद्दल खोटं सांगून फसवायला त्यात जागा नाही. नॉर्वेनेही याच धर्तीवर आपलं प्रशिक्षण उभं केलं. संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक माजी विशेष प्रतिवेदक हुआन मेंडेझ यांच्या पुढाकारातून २०२१ साली 'मेंडेझ तत्त्वं' आली, ती हेच सांगतात.

अमेरिकेत गाजली ती रीड पद्धत. तिथे हात लावत नाहीत, पण तू गुन्हा केलास हे गृहीत धरूनच बसतात, नकार तोडत राहतात आणि नसलेला पुरावा असल्याचंही सांगू शकतात. स्वतः जॉन रीडने १९५५ साली नेब्रास्कातल्या एका नवऱ्याकडून बायकोच्या खुनाची कबुली घेतली होती. पुढे दुसऱ्याच माणसाने तो खून आपण केल्याचं सांगितलेलं बाहेर आलं, आणि राज्याने त्या नवऱ्याची माफी मागितली २०१२ साली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात १९८९ साली किशोरवयीन मुलांनी कबुली दिली, त्यांच्या हकिकती एकमेकींशीही जुळत नव्हत्या, तरी शिक्षा झाल्या. २००२ साली डीएनए दुसऱ्याचाच निघाला आणि शिक्षा रद्द झाल्या. आपल्याकडे गुरुग्रामला २०१७ साली एका शाळकरी मुलाच्या खुनात बस कंडक्टरने कॅमेऱ्यासमोर कबुली दिली होती. सीबीआयच्या तपासात त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही आणि २०१८ साली तो आरोपातून मुक्त झाला.

"मी डोळे बघून ओळखतो" म्हणणारे अधिकारी तुम्हाला भेटतील. २००६ साली यावरच्या शेकडो अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. नुसतं पाहून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणूस शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर येतो, आणि ज्यांचा हाच धंदा आहे तेही त्याहून फार पुढे जात नाहीत.

परीक्षेपुरतं: पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही हे १८७२च्या कायद्याचं कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे आणि जुनं २७ त्याच कलमाचं परंतुक झालंय. फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६१ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८० झालं, आणि मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुली-जबाबाचं १६४ आता १८३. सुप्रीम कोर्टाचा सेल्वी निकाल २०१० चा, संमतीशिवाय नार्को चाचणी (औषध देऊन अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारणं) नाही. ठाण्यात आणि चौकशीच्या खोलीतही सीसीटीव्ही लावण्याचा सुप्रीम कोर्टाचा आदेश डिसेंबर २०२० चा.

बघा, इंग्रजांनाही १८७२ साली आमच्या ठाण्यावर भरवसा नव्हता, म्हणून ते कलम आलं. तरी आम्ही दीडशे वर्षं कबुलीच्या मागे, कारण सत्तावीसची एक खिडकी उघडी राहिली आणि सगळी विवेचना, म्हणजे तपास, त्या खिडकीतून कोंबली जाते. शिवाय "चोवीस तासांत पर्दाफाश" म्हणून पत्रकार बोलावता येतात आणि इनामही मिळतं. पावती पुस्तक चाळणाऱ्याला कोणी इनाम देत नाही.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. माझ्या केसमध्ये कागद होता. अंधारात चेन ओढून मोटरसायकलवर पळालेल्याचं पावती पुस्तक नसतं. काही आरोपी कितीही शांतपणे विचारा, गप्प राहतात, आणि गप्प राहायचा त्यांना संविधानाने हक्क दिलाय. एका तपास अधिकाऱ्याकडे केसेसचा ढीग, त्यात कोर्ट पेशी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (चित्ररथांचा) बंदोबस्त, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक). मुनीमजींची उदबत्ती ऐकायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खोटा नाही. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञ घटनास्थळी नेण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. नुसती 'पीस'ची पुस्तिका सागरच्या पोलीस अकादमीत वाटून काही होणार नाही. जबाबाचं रेकॉर्डिंग सक्तीचं करा, मग बघू.

तुम्ही रुजू झालात की एवढं करा: जबाब एफआयआरवरून उतरवू नका, आणि साक्षीदार एफआयआरशी न जुळणारं काही बोलला तर ते आवर्जून लिहा.

ते टीआय साहेब निवृत्तांच्या बैठकीत अजून सांगतात की हमालाला उचललं म्हणून भाचा घाबरला आणि केस उघडली. साहेब, हे वाचत असाल तर ऐका. भाचा अजिबात घाबरलेला नव्हता. हमाल हवालातीत होता तेवढे दिवस तो रोज पेढीवर येऊन पावत्या फाडत होता, त्याही त्याच पुस्तकात आहेत. चोरीचा माल मित्राच्या घरून हलवायचीही गरज त्याला वाटली नाही, कारण बाजारात सगळ्यांना माहीत होतं की पोलिसांना चोर मिळालाय. तुमच्या कबुलीने त्याला सवड दिली. आणि तो हमाल परत त्या बाजारात काम करू शकला नाही. निर्दोष ठरला तरी ठोक बाजारात पुन्हा त्याला कोणी गोदामाची किल्ली दिली नाही. पिथमपूरला कुठे मजुरीला लागला, एवढंच त्याच्या बायकोकडून कळलं.